साउंडबार सतत परक्या फोनला जोडला जातो? दुरुस्ती फोनमध्ये नाही, साउंडबारमध्ये करा

तक्रारीचं रूप दर वेळी थोडं वेगळं असतं. टीव्हीखालचा साउंडबार मध्येच 'कनेक्टेड' म्हणतो आणि आपली मालिका बाजूला राहून भलताच आवाज सुरू होतो. किंवा टीव्हीच्या पडद्यावर 'अमुक फोन जोडायचा का?' अशी पाटी येते आणि त्या नावाचं घरात कुणी नसतं. लोक मग फोनमधून साउंडबार 'फर्गेट' करतात, ब्लूटूथ बंद करतात, साउंडबारचा प्लग काढून परत लावतात. थोडे दिवस बरे जातात आणि एका रात्री पुन्हा तेच. मग सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर 'आपल्या विंगमध्ये हॅकर शिरलाय' असा मेसेज पडतो आणि त्याखाली हात जोडलेल्या इमोजींची रांग लागते.

बहुतेक वेळा हा हॅकर म्हणजे शेजारी निघतो, आणि त्यालाही त्याचा पत्ता नसतो. पण म्हणून विषय सोडून देण्यासारखा नाही. शेजारी चुकून आत येऊ शकतो तर दुसरं कुणी मुद्दाम येऊ शकतंच.

फोनचं ब्लूटूथ बंद करून उपयोग का होत नाही

दोन उपकरणं ब्लूटूथवर पहिल्यांदा जोडली जातात तेव्हा त्यांच्यात एक गुप्त किल्ली तयार होते आणि ती दोघांकडेही साठवून ठेवली जाते. पुढच्या वेळी काही न विचारता जोडणी होते ती याच किल्लीवर. पहिल्यांदा ओळख कशी पटवायची, याच्या पद्धती २००७ साली आलेल्या ब्लूटूथ २.१ मध्ये नव्याने ठरल्या. दोन्हीकडे पडदा असेल तर दोन्हीकडे सहा आकडी संख्या दिसते आणि ती सारखी आहे का ते माणूस बघतो. एकीकडे कीबोर्ड असेल तर आकडे टाईप करायचे. साउंडबारकडे यातलं काहीच नाही. अशा बिनपडद्याच्या उपकरणांसाठी जी पद्धत आहे तिचं नाव 'जस्ट वर्क्स'. कुणी जोडायला आलं की हो म्हणायचं. त्यातही किल्ली बनते, बोलणं एन्क्रिप्टही होतं, फक्त समोर कोण उभं आहे हे तपासलं जात नाही. त्याआधीच्या काळात ०००० किंवा १२३४ असा पिन टाकावा लागायचा. तो सगळ्या जगाला पाठ होता, तेव्हा फार काही गमावलं असंही नाही.

मग या पद्धतीत रखवाली कोण करतं? पेअरिंग मोडचं बटण. ते दाबून धरल्याशिवाय नव्या फोनला दाद द्यायची नाही, एवढाच काय तो पहारा. आणि बऱ्याच साउंडबारमध्ये (सगळे स्वस्तातलेच असतात असं नाही) ग्राहकाची सोय म्हणून कंपनीने हा पहाराही काढून टाकलेला असतो. ब्लूटूथ सोर्सवर (म्हणजे आवाज ब्लूटूथवरून घ्यायला) ठेवलेला साउंडबार कुणाशी जोडलेला नसला की तो आपणहून पेअरिंग मोडमध्ये जातो आणि दिवा लुकलुकवत बसतो.

आता बघा काय होतं. आपण घाबरून फोनचं ब्लूटूथ बंद करतो. साउंडबार मोकळा होतो, मोकळा झाला म्हणून पेअरिंग मोडमध्ये जातो, आणि पलीकडच्या घरातल्या फोनच्या यादीत दिसू लागतो. चोराच्या भीतीने आपण घर सोडून जायचं आणि जाताना दार सताड उघडं टाकायचं, तसला हा उपाय आहे.

फोनमधून 'फर्गेट' केल्यानेही हे सुटत नाही. त्याने आपल्या फोनमधली आपली किल्ली पुसली जाते. शेजाऱ्याच्या फोनची किल्ली साउंडबारच्या पोटात असते, ती तशीच राहते. पुढच्या वेळी साउंडबार मोकळा सापडला की त्यांचा फोन आपसूक जोडला जातो.

आमच्या बिल्डिंगमधलं उदाहरण सांगतो. भिंतीला भिंत लागून असलेल्या दोन घरांत एकाच दिवाळी सेलमध्ये एकाच मॉडेलचे साउंडबार आले. नावं अर्थातच सारखी, कंपनीने दिलेली. एका घरातल्या आजोबांनी फोनच्या यादीत दिसलेलं पहिलं नाव दाबलं. तेव्हापासून पहाटे पाच वाजता त्यांची काकड आरती शेजाऱ्यांच्या हॉलमध्ये वाजायला लागली. आजोबांना वाटायचं आपला स्पीकर बिघडलाय, म्हणून ते आवाज वाढवायचे. शेजारच्या काकू मला म्हणाल्या, "अहो, आरतीबद्दल तक्रार नाही हो, पण रविवारी तरी सहाला लावा म्हणावं." आजोबांच्या फोनमध्ये किंवा काकूंच्या फोनमध्ये काहीही बिघडलेलं नव्हतं.

आपल्याकडे हे जास्त का दिसतं

ब्लूटूथ २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतं. घरगुती उपकरणांसाठी साधारण १० मीटरचा पल्ला धरतात, मोकळ्या जागेत तो त्याहून जास्तही जातो. नवी मुंबईतल्या कोपरखैरणे, घणसोली, ऐरोलीच्या रो-हाऊसमध्ये आणि सिडकोच्या जुन्या इमारतींमध्ये दोन हॉलच्या मधली भिंत कितीशी जाड असते? विटेच्या भिंतीतून हा सिग्नल आरामात पलीकडे जातो. आरसीसीचा स्लॅब त्याला जास्त अडवतो, पण खिडक्या, डक्ट आणि जिना आहेतच. ठाण्यात घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये तर एका मजल्यावर इतकी घरं असतात की हॉलमध्ये बसून फोनवर शोध घेतला की अर्ध्या मजल्याचे टीव्ही, इअरबड आणि फिटनेस बँड नावानिशी दिसतात.

नावानिशी हे शब्दशः घ्या. खूप जणांच्या फोनचं ब्लूटूथ नाव म्हणजे मालकाचं नाव किंवा आडनाव असतं, आणि काहींनी हौसेने साउंडबारला फ्लॅट नंबर दिलेला असतो.

आधी निदान

घरातल्या सगळ्या जोडलेल्या फोनांचं ब्लूटूथ बंद करा. साउंडबार ब्लूटूथ सोर्सवर ठेवा आणि त्याच्या कुठल्याही बटणाला हात लावू नका. आता असा एक फोन घ्या जो या साउंडबारला कधीच जोडलेला नाही, पाहुण्यांचा चालेल. त्यावरून शोधा आणि जोडून बघा. बटण न दाबता जोडला गेला तर दार उघडं आहे, यात शंका उरली नाही. जोडला गेला नाही, तरीही रात्री परका आवाज येत असेल, तर कुणाची तरी जुनी किल्ली आत पडून आहे: आधीचा भाडेकरू, मागच्या गणपतीत आरती लावायला फोन जोडणारा भाचा, किंवा साउंडबार सेकंडहँड घेतला असेल तर त्याचा पहिला मालक.

मग उपाय, याच क्रमाने

सगळ्यात पक्का उपाय सगळ्यात कंटाळवाणा आहे: साउंडबार टीव्हीला केबलने जोडा. एचडीएमआयचं जे पोर्ट टीव्हीवर 'एआरसी' किंवा 'ई-एआरसी' असं लिहिलेलं असतं त्यात, किंवा ऑप्टिकल केबलने. टीव्हीखाली कायमचा ठेवलेला डबा टीव्हीशी हवेतून का बोलावा, हे मला अजून कळलेलं नाही. इन्स्टॉल करायला आलेला मुलगा घाईत ब्लूटूथवर जोडून जातो, कारण त्याला पुढच्या घरी जायचं असतं, आणि केबल खोक्यातच राहते. खोकं माळ्यावर असेल तर काढून बघा. सोर्स केबलवर गेला की बहुतेक साउंडबार ब्लूटूथवर कुणाला उत्तर देत नाहीत.

'बहुतेक' म्हटलं, कारण काही मॉडेलमध्ये कुणी ब्लूटूथवरून हाक मारली की साउंडबार झोपेतून उठून सोर्स बदलतो. हा पर्याय ॲपमध्ये किंवा मेनूमध्ये 'ब्लूटूथ स्टँडबाय', 'ब्लूटूथ पॉवर', 'ऑटो पॉवर' अशा कुठल्या तरी नावाने असतो. तो बंद करा. रात्री अडीचला आपोआप सुरू होणाऱ्या साउंडबारचं भूत बऱ्याचदा इथेच सापडतं.

ब्लूटूथ हवंच असेल तर साउंडबार फॅक्टरी रिसेट करा. बटणं मॉडेलप्रमाणे वेगळी असतात, माहितीपत्रक बघा. रिसेटने आतल्या सगळ्या किल्ल्या पुसल्या जातात, शेजाऱ्याचीही. पण रिसेट झाल्या झाल्या तो पेअरिंग मोडमध्ये जाणार, तेव्हा आपला फोन हातात तयार ठेवून लगेच जोडून घ्या. रिसेट करून चहा टाकायला गेलात तर परत येईपर्यंत पलीकडचा फोन आत आलेला असू शकतो. शेजाऱ्यांनाही त्यांच्या फोनमधून तो साउंडबार 'फर्गेट' करायला सांगा, नाहीतर पुढच्या वेळी सवयीने त्याच नावावर बोट पडेल.

नाव बदला. सारखी दिसणारी दोन नावं वेगळी होतील असं काहीही चालेल, फक्त आडनाव आणि फ्लॅट नंबर नको.

शेवटी कंपनीच्या ॲपमधून फर्मवेअर, म्हणजे साउंडबारच्या आतलं सॉफ्टवेअर, अपडेट करा. साउंडबारलाही अपडेट असतात हेच अनेकांना माहीत नसतं. आपण फोनचे अपडेट तरी करतो. हे डबे विकत घेतल्या दिवशीच्या सॉफ्टवेअरवर वर्षानुवर्षं चालत राहतात.

टीव्हीच्या पडद्यावर पाटी येत असेल तर तिथे काम सोपं आहे, कारण टीव्ही निदान विचारतो तरी. रिमोट कुणाच्याही हातात असला तरी 'नाही' दाबायचं, हे घरातल्या मुलांना आणि आजींना सांगून ठेवा. वैतागून एकदा 'हो' दाबलं की ती पाटी थांबते, पण परका फोन कायमचा यादीत बसतो.

लोकलमध्ये फोनवर येणाऱ्या पाट्या

हा वेगळा प्रकार आहे, पण लोक तो यातच मिसळतात. ठाणे-वाशी लोकलमध्ये रबाळे-घणसोलीच्या दरम्यान फोनवर अचानक इअरबडचं चित्र येतं: 'जोडायचं का?' शेजारी उभ्या असलेल्या कुणीतरी नवीन इअरबडची डबी उघडलेली असते. अँड्रॉइडचं फास्ट पेअर आणि ॲपलची तशीच सोय यामुळे आसपासच्या फोनांना त्या इअरबडची हाक ऐकू जाते. 'रद्द' करा आणि पुढे चला. पाटी दिसल्याने काही चोरीला जात नाही.

मुद्दाम त्रास देणारेही आहेत. २०२३ च्या शेवटी फ्लिपर झीरो नावाच्या खिशात मावणाऱ्या उपकरणातून अशा खोट्या पाट्यांचा भडिमार करता येतो हे गाजलं. आयफोन तर त्या माऱ्याने अडकून बंद पडत होते. त्याच डिसेंबरमधल्या आयओएस १७.२ मध्ये त्यावर बंदोबस्त आला. अँड्रॉइडवर पाट्या नकोच असतील तर सेटिंग्जच्या शोधात 'निअरबाय डिव्हाइस' टाईप करा आणि जवळची उपकरणं शोधण्याचा पर्याय बंद करा.

आयफोनवाल्यांसाठी एक गोष्ट: वरून ओढून काढलेल्या कंट्रोल सेंटरमधल्या ब्लूटूथच्या चिन्हावर टिचकी मारली की ब्लूटूथ बंद होत नाही. चालू जोडण्या तुटतात, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा पूर्ववत होतं. खरंच बंद करायचं तर सेटिंग्जमध्ये जाऊन करा. जवळच्या फोनवर फाइल पाठवणारे एअरड्रॉप (आयफोन) आणि क्विक शेअर (अँड्रॉइड) 'सर्वांसाठी' ठेवू नका, 'फक्त कॉन्टॅक्ट्स' पुरे. गर्दीच्या डब्यात अश्लील फोटो पाठवणारे महाभाग असतात आणि त्यांची सगळी भिस्त या एका सेटिंगवर असते.

सहा आकडी संख्येची पाटी आली आणि आपण काहीच जोडत नसू, तर ती संख्या कितीही खरी दिसो, रद्द करा. जोडताना अँड्रॉइड 'कॉन्टॅक्ट्स आणि कॉल हिस्टरी पाहू द्यायची का' असं विचारतं. ही खूण स्पीकरसाठी काढून टाकायची. ठाणे स्टेशनवरून कासारवडवलीला जाताना कॅबच्या स्टीरिओला गाण्यासाठी फोन जोडला आणि ती खूण तशीच राहिली, तर आपली सगळी फोनबुक त्या गाडीत उतरते. उतरण्याआधी गाडीच्या यादीतून आपला फोन काढायला लावा. ड्रायव्हरदादा हसतील, हसू देत.

खरा हल्ला कसा असतो

इथे पुन्हा तोच मुद्दा येतो: भोक बहुधा त्या छोट्या, बिनपडद्याच्या उपकरणात असतं. जानेवारी २०२६ मध्ये बेल्जियममधल्या ल्यूवेन विद्यापीठाच्या संशोधकांनी 'व्हिस्परपेअर' नावाने एक त्रुटी जाहीर केली. फास्ट पेअरच्या नियमानुसार इअरबड पेअरिंग मोडमध्ये नसतील तर त्यांनी नव्या फोनची विनंती झिडकारायला हवी. सोनी, जेबीएल, जाब्रा आणि खुद्द गूगल यांच्यासह अनेक कंपन्यांच्या काही मॉडेलमध्ये ही तपासणीच होत नव्हती. काही मीटरवरून, काही सेकंदांत, कानात घातलेले हेडफोन परक्याच्या ताब्यात जाऊ शकत होते, त्यांच्या मायक्रोफोनसकट. फोन आयफोन असला तरी फरक पडत नाही, आणि आपल्या फोनवर फास्ट पेअर बंद केल्यानेही नाही, कारण चूक हेडफोनमध्ये आहे. उपाय हेडफोनचं फर्मवेअर अपडेट. त्याआधी जून २०२५ मध्ये ऐरोहा कंपनीच्या चिप वापरणाऱ्या हेडफोनांतही अशाच जातीच्या त्रुटी उघड झाल्या होत्या, तिथेही उपाय तोच. (ही ऐरोहा तैवानची, आपल्या ऐरोलीशी तिचा संबंध नाही, ग्रुपवर कुणीतरी तेही विचारलंच होतं.)

म्हणून इअरबड बनवणाऱ्या कंपनीचं ॲप फोनवर ठेवा आणि अधूनमधून उघडा. इक्वलायझरसाठी नाही, अपडेटसाठी.

फोनच्या बाजूने एकच गोष्ट मला गंभीर वाटते. डिसेंबर २०२३ मध्ये मार्क न्यूलिन या संशोधकाने दाखवलं की परकं उपकरण 'मी कीबोर्ड आहे' असं भासवून, मालकाने काहीही मंजूर न करता, फोनला जोडलं जाऊ शकतं आणि बटणं दाबल्यासारखे आदेश देऊ शकतं. अँड्रॉइडवर त्यासाठी ब्लूटूथ चालू असणं एवढं पुरत होतं. अँड्रॉइड ११ ते १४ साठी दुरुस्ती आली. १० आणि त्याआधीच्या आवृत्त्यांना ती मिळाली नाही. सेटिंग्जमध्ये 'सिक्युरिटी पॅच' ची तारीख बघा. ती ५ डिसेंबर २०२३ किंवा त्यानंतरची असेल तर हे भोक बुजलेलं आहे. घरात कुणाच्या जुन्या फोनवर आधीची तारीख असेल, आणि बहुधा तो आईबाबांना दिलेला फोन असतो, तर त्या फोनचं ब्लूटूथ बाहेर पडताना बंदच असू दे. इथे बंद करण्याचा खरंच उपयोग आहे.

२०१९ चा 'नॉब' आणि २०२३ चा 'ब्लफ्स' हे हल्ले किल्लीच कमकुवत करणारे होते. अभ्यासकांच्या दृष्टीने मोठे, पण त्यासाठी जवळ येऊन, दोन उपकरणांच्या बोलण्यात तांत्रिक ढवळाढवळ करावी लागते. तुमच्या साउंडबारवर गाणं लावायला कुणी एवढी मेहनत घेत नाही.

स्मार्ट लॉकचं मात्र वेगळं. घोडबंदरच्या नव्या टॉवरमध्ये फ्लॅटच्या दाराला ब्लूटूथचं कुलूप दिसायला लागलंय. फोन खिशात असला की जवळ जाताच उघडणारी सोय बंद ठेवा. मालकाच्या फोनचा सिग्नल दुरून पुढे पोचवून अशी कुलपं आणि गाड्या उघडता येतात, हे मे २०२२ मध्ये एनसीसी ग्रुप या सायबर सुरक्षा कंपनीने टेस्लाच्या गाडीवर करून दाखवलं होतं. फोनवर बोट ठेवल्यावरच उघडेल असं सेटिंग करा. आणि ब्लूटूथवरून बँक खातं रिकामं होतं असे जे फॉरवर्ड फिरतात, त्यांच्यामुळे झोप घालवू नका. यूपीआयला पिन लागतो, आणि तो लोक बहुतेक वेळा फोनवर बोलून स्वतःच देतात. पैसे खरंच गेले असतील तर ब्लूटूथ शोधत बसण्याआधी सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनला फोन करा.

'अनोळखी ट्रॅकर (वस्तू कुठे आहे ते मालकाला फोनवर दाखवणारा छोटा टॅग) तुमच्यासोबत फिरतोय' अशा अर्थाची सूचना आली तर ती मात्र पेअरिंगची पाटी समजून उडवू नका. सूचनेतच ट्रॅकर वाजवून बघण्याची सोय असते. लोकलमध्ये एकदा दिसली तर शेजाऱ्याच्या बॅगेतला टॅग असू शकतो. घरी पोचल्यावरही दिसत राहिली तर बॅग, गाडी, कोटाचे खिसे तपासा. टॅग सापडला तर फेकून न देता पोलिसांकडे न्या, त्याच्या क्रमांकावरून मालकापर्यंत पोचता येतं.

रिसेट करूनही जात नाही तेव्हा

काही साउंडबारमध्ये पेअरिंग मोड बंद करण्याची सोयच नसते, अपडेट नसतो, ॲपही नसतं. त्यावर युक्ती नाही. केबल लावा आणि सोर्स कायम केबलवर ठेवा, तरीही उठत असेल तर रात्री मेन स्विच बंद करा. नवीन घेत असाल तर वाशीच्या सेक्टर १७ मध्ये किंवा ठाण्यातल्या गोखले रोडच्या दुकानात वॉट आणि सबवूफर विचारून झाल्यावर सेल्समनला दुकानातलाच डेमो पीस ब्लूटूथवर ठेवायला सांगा. मग आपल्या फोनवरून, कुणालाही बटण दाबू न देता, तो जोडून बघा. जोडला गेला तर पुढचं मॉडेल दाखवा म्हणा.